सरड्यांची नोंदवही: सोसायटीच्या संग्रहातील एक दुर्लक्षित दालन

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकाचा दुसरा खंड १८८७चा. त्यात जेमतेम तीन पानांचा एक लेख आहे. डांगच्या जंगलात मिळालेल्या एका पालीचे वर्णन, ठिकाण पश्चिम डांगातले पिंप्री, लेखक एफ. ग्लेडो. ग्लेडो वनखात्यातले अधिकारी होते. ही पाल आजवर कोणी नोंदवलेली नाही असे त्यांना वाटले, म्हणून त्यांनी तिचे खवले मोजले, मापे घेतली आणि तिला नाव दिले हेमिडॅक्टिलस मरेयी. ज्यांच्यावरून हे नाव ठेवले ते जेम्स मरे म्हणजे सिंधच्या प्राण्यांवर मोठा ग्रंथ लिहिणारे कराचीचे अभ्यासक. या मरेसाहेबांनी तीनच वर्षे आधी, १८८४ साली, सिंधमधल्या एका पालीला हेमिडॅक्टिलस ग्लेडोवी असे नाव दिले होते. दोघांनी एकमेकांची नावे दोन पालींच्या रूपाने कागदावर ठेवली आणि दोन्ही पाली पुढे दीर्घकाळ विस्मृतीत गेल्या. त्या कशा हरवल्या आणि कशा परत आल्या हे सांगता सांगता सोसायटीच्या सरडे-विभागाचा बराच इतिहास सांगून होतो.

सरडे-विभाग हा शब्द सोयीसाठी वापरला आहे. त्यात पाली आल्या, सापसुरळ्या आल्या, घोरपडी आल्या, झाडावरचा घोयरा आला आणि सह्याद्रीच्या दाट रानात एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जाणारा उडता सरडाही आला. सोसायटीची स्थापना १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी केली. त्यात प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी डॉक्टर होते. सुरुवातीच्या सभा भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात होत. पुढे एच. एम. फिप्सन या मद्यव्यापाऱ्याने आपल्या फोर्ब्स स्ट्रीटवरच्या जागेत सोसायटीला आसरा दिला. १८८६ साली नियतकालिक सुरू झाले, ई. एच. एटकेन आणि आर. ए. स्टर्नडेल यांच्या संपादनाखाली. एटकेन जकात-मिठाच्या खात्यात नोकरीला होते. म्हणजे पहिल्या दिवसापासून ही संस्था पोटासाठी दुसरे काही करणाऱ्या माणसांची होती. नियतकालिकाची दारे त्यांच्यासाठी उघडी होती, म्हणूनच एका जंगल-अधिकाऱ्याची पाल त्यात छापली गेली. लंडनच्या एखाद्या विद्वत्सभेने तिला इतक्या सहज जागा दिली असती असे मला वाटत नाही.

त्या काळी भारतातील सरड्यांची यादी लंडनमध्ये बसून होत असे. अल्बर्ट ग्युंथर यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील सरपटणाऱ्या प्राण्यांवरचा ग्रंथ १८६४चा. ब्रिटिश म्युझियममधल्या जगभरच्या सरड्यांची सूची जॉर्ज बुलेंजर यांनी १८८५ ते १८८७ या काळात तीन खंडांत काढली आणि १८९० साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत भारतावरचा खंड दिला. या माणसांनी केवढे काम केले याची कल्पना ते खंड हाताळल्याशिवाय येत नाही. मात्र त्यांच्यापुढे होत्या त्या बरण्या. बरणीवर लिहिलेले असे ‘मलबार’, ‘दख्खन’, फार तर ‘बॉम्बे’. दख्खन म्हटले की त्यात खानदेशापासून म्हैसूरपर्यंत कुठलीही टेकडी येऊ शकते. पालीला मात्र एक टेकडी पुरते.

मुंबईतही सरड्यांना सापांच्या मानाने फार थोडी जागा मिळाली, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. साप चावून माणसे मरत होती. कोणता साप विषारी, कोणता बिनविषारी, हे सामान्य माणसाला कळणे ही निकड होती. फ्रँक वॉल यांची भारतीय सापांवरची सचित्र लेखमाला नियतकालिकात वर्षानुवर्षे चालली आणि आजही ती जुने सभासद प्रेमाने आठवतात. पक्ष्यांमागे शिकारी होते, छंदिष्ट होते, पुढे सालिम अली होते. सस्तन प्राण्यांसाठी १९११ पासून देशव्यापी पाहणी झाली. सरड्यासाठी वर्गणी कोण देणार? भिंतीवरची पाल चुकचुकली की आपण बोलणाऱ्याचे खरे मानतो, अंगावर पडली की पंचांगात फळ पाहतो. पण तिच्या मांडीवर छिद्रे किती आहेत हे पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही.

या उपेक्षेच्या काळात सरड्यांकडे सातत्याने लक्ष देणारा माणूस म्हणजे चार्ल्स मॅक्कन. जन्म १८९९ साली कॅसलरॉकचा, म्हणजे गोव्याच्या सीमेवरच्या घाटातला. ते सोसायटीत आले ते नमुने गोळा करणारे म्हणून आणि पुढे साहाय्यक अभिरक्षक झाले. गवतांवर त्यांनी फादर ब्लाटर यांच्यासोबत लिहिलेले पुस्तक वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. पण मॅक्कन कोणत्याही एका शास्त्राचे नव्हते. झाड, बेडूक, वटवाघूळ, सरडा, जे समोर येईल त्याकडे ते तितक्याच आस्थेने पाहत. १९३८ साली त्यांनी कच्छ संस्थानातील सरपटणाऱ्या व उभयचर प्राण्यांवर टिपण लिहिले, त्यानंतर याच प्राण्यांवर संकीर्ण नोंदींची लेखमाला केली. त्यांच्या लेखनात प्राणी बरणीत नसतो. तो दगडाखाली असतो, अंडी घालत असतो, भांडत असतो.

१९४६च्या सुमारास मॅक्कन न्यूझीलंडला गेले आणि वेलिंग्टनच्या डोमिनियन म्युझियममध्ये काम करू लागले. तिथे १९५५ साली त्यांनी त्या देशातील पाली आणि सापसुरळ्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. एका परक्या देशाच्या सरड्यांची सूची मुंबईत तयार झालेल्या माणसाने करावी, ही या संस्थेसाठी अभिमानाची गोष्ट आहे आणि आपण ती पुरेशी सांगितलेली नाही. १९९० साली तिथल्या अभ्यासकांनी एका सापसुरळीला त्यांचे नाव दिले. ऑलिगोसोमा मॅक्कनी हे त्या प्राण्याचे आजचे शास्त्रीय नाव.

दरम्यान १९३५ साली माल्कम स्मिथ यांचा खंड आला. स्मिथ मूळचे डॉक्टर, सयामच्या राजदरबारात वैद्यकी केलेले. भारत, ब्रह्मदेश, सिलोन आणि इंडोचायना इथल्या सरड्यांवरचा त्यांचा हा खंड पुढची साठ-सत्तर वर्षे प्रत्येक अभ्यासकाच्या टेबलावर राहिला. आजही एखादी पाल ओळखायला बसलो की पहिल्यांदा तोच हाताशी घेतला जातो. पण मोठ्या ग्रंथाची सावलीही मोठी असते. ‘स्मिथने सांगितले आहे’ म्हटले की विषय संपत असे. बोर्निओहून वर्णन केलेली ब्रूकी नावाची एक पाल भारतभर सर्वत्र आढळते असे मानले गेले आणि अंगावर पुळ्यांसारखे खवले असणारी, घराच्या कुंपणात किंवा शेताच्या बांधावर दिसणारी प्रत्येक पाल त्या नावाखाली टाकली गेली. ग्लेडोंची मरेयी आणि मरेंची ग्लेडोवी या दोन्ही अशाच ब्रूकीच्या पोत्यात गेल्या. पंख्यासारखा गळा फुलवणाऱ्या सरड्याचेही तेच झाले. सिताना पॉंटिसेरियाना ही पाँडिचेरीच्या नावाची प्रजाती हिमालयाच्या पायथ्यापासून कन्याकुमारीपर्यंत एकच, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले.

सरकारी पातळीवर ही जबाबदारी होती १९१६ साली कलकत्त्यात स्थापन झालेल्या झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाकडे. तिचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांना चिलिका सरोवरातल्या बारकुडा बेटावर मातीत राहणारी, पाय नसलेली एक सापसुरळी मिळाली. १९१७ साली त्यांनी तिला बारकुडिया हे नाव दिले. स्वातंत्र्यानंतर सर्व्हेची प्रादेशिक केंद्रे उभी राहिली, त्यांतले पश्चिम विभागाचे पुण्यात. सर्व्हेचे आर. सी. शर्मा यांनी १९७६ साली गोव्यातील काणकोणच्या रानातून निमास्पिस गोवाएन्सिस या छोट्या पालीचे वर्णन केले, आणि बी. के. टिकेदार व शर्मा यांचे भारतीय सरड्यांवरील हस्तपुस्तक १९९२ साली आले. सोसायटी आणि सर्व्हे यांची तुलना करण्याचा मोह टाळलेला बरा. एकीकडे देशभर पसरलेली यंत्रणा होती, दुसरीकडे सभासदांचे जाळे. दोन्हींची गरज होती.

सोसायटीच्या दृष्टीने १९६३ हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी नियतकालिकाच्या साठाव्या खंडात दोन लेख आले. पहिला ब्रिटिश म्युझियमच्या अ‍ॅलिस ग्रँडिसन आणि पी. डब्ल्यू. सोमण यांचा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावी मिळालेल्या एका नव्या पालीचे त्यात वर्णन होते. कोकणातल्या सड्यावर, उन्हाने तापलेल्या जांभ्याच्या दगडाखाली राहणारी ही पाल. दुसरा लेख जे. सी. डॅनियल आणि ई. एम. शल यांचा, डांगमधील सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या यादीचा. शल हे आहव्याचे अमेरिकन मिशनरी. ग्लेडोंच्या पालीनंतर पाऊण शतकाने सोसायटीचे लक्ष पुन्हा त्याच रानाकडे वळले, आणि या वेळी एका पालीऐवजी अख्ख्या प्रदेशाची यादी हाती आली.

डॅनियल १९५० साली सोसायटीत आले आणि २०११ साली त्यांचे निधन होईपर्यंत तिचेच राहिले. हत्ती, पक्षी, नियतकालिकाचे संपादन हे सारे सांभाळून त्यांनी ‘द बुक ऑफ इंडियन रेप्टाइल्स’ लिहिले. सोसायटीच्या शताब्दीच्या वर्षी, १९८३ साली, ते प्रसिद्ध झाले आणि २००२ मध्ये उभयचरांसह वाढवून पुन्हा निघाले. स्मिथचा खंड मिळवायला ग्रंथालय गाठावे लागे, डॅनियल यांचे पुस्तक विद्यार्थ्याला विकत घेता येई. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बहुतेक सर्प-सरडेवाल्यांची पहिली प्रत तीच आहे, तिची पाने सुटलेली आणि समासात पेन्सिलीने लिहिलेले.

संग्रहाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तो फक्त बरण्यांचा ढीग वाटतो. १९६५ साली सोसायटी हॉर्नबिल हाउसमध्ये आली तेव्हा हा ढीगही सोबत आला. प्रत्येक सरड्याच्या पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी असते, चिठ्ठीवर क्रमांक, आणि त्या क्रमांकासमोर नोंदवहीत ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. नमुना फॉर्मॅलिनमध्ये घट्ट केलेला आणि अल्कोहोलमध्ये ठेवलेला असतो. मुंबईच्या हवेत अल्कोहोल उडत राहते, झाकणे सैल होतात, बरणी वेळेवर भरली नाही तर शंभर वर्षांचा प्राणी सुकून जातो. रंग तर काही महिन्यांत जातो. जिवंतपणी निळा, काळा, केशरी गळा मिरवणारा नर बरणीत मातकट दिसतो. म्हणून मोजणी रंगावर अवलंबून नसते. मांडीच्या आत ओळीने असलेली बारीक छिद्रे किती, बोटांखालच्या पट्ट्या किती आणि त्या दुभंगलेल्या आहेत की अखंड, पाठीवर उंच खवल्यांच्या रांगा किती, पोटावर एका आडव्या रेघेत खवले किती. भिंगाखाली दोन सुयांनी ही मोजणी करायला नवशिक्याला तास लागतो. ज्या नमुन्यावरून एखाद्या प्रजातीचे पहिले वर्णन झाले तो मूळ नमुना सर्वांत मोलाचा. ती प्रजाती म्हणजे नेमके काय, असा प्रश्न शंभर वर्षांनी पडला तरी उत्तर त्याच्याकडेच मागायचे असते. सोसायटीकडचे असे सर्प, सरडे व उभयचरांचे मूळ नमुने कोणते, याची सूची इंद्रनील दास आणि नरेश चतुर्वेदी यांनी १९९८ साली ‘हॅमाड्रायड’ या नियतकालिकात छापली. ही सूची म्हणजे घर आवरण्यासारखे काम. त्याचे कौतुक होत नाही, पण त्यानंतरच घरात नवे काही ठेवायला जागा होते.

ती जागा वरद गिरी यांनी भरली. सोसायटीच्या या संग्रहाची जबाबदारी सांभाळताना त्यांनी सह्याद्रीच्या उत्तर भागात, आजवर ‘सगळे माहीत आहे’ असे समजल्या गेलेल्या मुलखात, रात्री बॅटरी घेऊन दगड उलटायला आणि कातळ न्याहाळायला सुरुवात केली. २००८ साली सातारा जिल्ह्यातल्या पठारावरची हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस आली, अमेरिकेतल्या व्हिलानोव्हा विद्यापीठाचे एरन बाउअर यांच्यासोबत. त्या लेखासोबत भारतातल्या हेमिडॅक्टिलस पाली ओळखण्याची गुरुकिल्लीही होती, आणि नव्या प्रजातीपेक्षाही मला तिचे मोल अधिक वाटते. त्याच वर्षी कातळावर राहणारी हेमिडॅक्टिलस एरनबाउएरी, पुढच्या वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातली निमास्पिस कोल्हापुरेन्सिस आणि गुजरातची हेमिडॅक्टिलस गुजरातेन्सिस. डोर्ल्याच्या पालीचेही भाग्य उजळले. बाउअर, गिरी आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी जनुकांच्या आधारे २००८ साली दाखवले की तिला ज्या वेगळ्या जीनसमध्ये, म्हणजे प्रजातींच्या गटात, ठेवले होते तो जीनसच टिकत नाही, ही हेमिडॅक्टिलसच आहे. सोसायटीच्या २००९च्या नियतकालिकात तिच्या आढळाची नवी ठिकाणे आली.

जनुकशास्त्राने जुन्या वह्यांना मोडीत काढले असे काही जण म्हणतात. झाले ते उलटेच. २०१६ साली अपर्णा लाजमी, वरद गिरी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे प्रवीण कारंथ यांनी ब्रूकीच्या पोत्याची गाठ सोडली. देशभरातून गोळा केलेल्या पालींचा डीएनए आणि खवले दोन्ही तपासल्यावर दिसले की त्यात कितीतरी निरनिराळ्या वंशरेषा आहेत. आता त्यांना नावे कुठून आणायची? नियम असा की जुने, रीतसर छापलेले नाव असेल तर तेच वापरायचे. मग १८८४चे ग्लेडोवी आणि १८८७चे मरेयी पुन्हा बाहेर आले. डांगमधल्या पिंप्रीचे नाव ग्लेडोंनी छापले नसते, नुसते ‘दख्खन’ लिहिले असते, तर ते नाव कोणत्या पालीवर बसवायचे हे कोणालाही ठरवता आले नसते.

त्याच वर्षी व्ही. दीपक, गिरी, कारंथ आणि सहकाऱ्यांनी पंखा-गळ्याच्या सरड्यांचा गुंता सोडवला. एकच मानल्या गेलेल्या प्रजातीतून पाच नव्या प्रजाती निघाल्या आणि एक नवा जीनसही. त्याचे नाव त्यांनी ‘सारडा’ ठेवले, आपल्या सरड्यावरूनच. त्यातली सारडा सुपर्बा सातारच्या चाळकेवाडी पठारावरची. उन्हाळ्याच्या तोंडी तिथे गेलात तर दर थोड्या अंतरावर एखाद्या दगडावर उभा राहून नर गळा उघडतो आणि मिटतो. त्या पठारावर पवनचक्क्या आहेत. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी २०१८ साली दाखवून दिले की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी फार कमी झाले आहेत, त्यामुळे सरड्यांची दाटी वाढली आहे, त्यांच्या रक्तातला तणावाचा संप्रेरक कमी आहे आणि माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नाहीत. हा अभ्यास जगभर वाचला गेला. त्यातला सरडा दोनच वर्षे आधी नाव मिळालेला होता हे फार थोड्यांच्या लक्षात आले.

नंतरच्या वर्षांत हा प्रवाह रुंदावला आहे. दक्षिणेत द्राविडोगेको या जीनसमध्ये फार काळ एकच पाल गणली जात होती. २०१९ साली तिथे सहा नव्या प्रजातींची भर पडली, त्यातल्या एकीला वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांचे नाव आहे. आंबोलीच्या परिसरातून निमास्पिसच्या प्रजाती आल्या. २०१९ सालीच पश्चिम घाटातल्या एका पालीला आर. चैतन्य, ईशान अग्रवाल, लाजमी आणि अक्षय खांडेकर यांनी हेमिडॅक्टिलस वरदगिरीयी असे नाव दिले. ज्या पोत्याची गाठ सोडायला गिरी मदतीला होते, त्याच पोत्यातून निघालेल्या एका पालीवर त्यांचे नाव बसले. यातले बरेच अभ्यासक सोसायटीचे नोकर नाहीत. पण त्यांनी संग्रहाच्या नोंदवह्या उघडल्या आहेत, तिच्या बरण्यांमधले खवले मोजले आहेत. संस्था म्हणून आपल्याला यापेक्षा दुसरे काय हवे?

आता नकाशाचा प्रश्न. कोणती प्रजाती आहे हे सांगणे एक काम, ती कुठे कुठे आहे हे सांगणे दुसरे आणि अधिक कष्टाचे. कोकणच्या सड्यांचेच पाहा. सडा हा सरकारदरबारी बहुतेकदा पडीक. जांभ्याच्या खाणी, आंब्याच्या बागांसाठी सुरुंग लावून केलेले खड्डे, सपाटीकरण, रस्ते यांत तो झपाट्याने जातो आहे. दगडाखालची पाल सड्यासोबत जाते. ती एका तालुक्यात आहे की पाच, हे माहीत नसेल तर तिच्यासाठी भांडायलाही आधार नाही. विदर्भातल्या कोरड्या जंगलांतून, मराठवाड्याच्या बालाघाट डोंगररांगांतून आणि खानदेशच्या सातपुड्यातून संग्रहात आलेले नमुने सह्याद्रीच्या मानाने थोडेच आहेत. सातपुड्यातली युब्लेफारिस सातपुराएन्सिस ही जाड शेपटीची, पापण्या असलेली देखणी पाल २०१४ साली शास्त्राला कळली. आदिवासींना ती आधीपासून ठाऊक होती, आणि ती विषारी आहे असा समज असल्याने मारलीही जात होती.

या स्मरणिकेचे वाचक बहुतेक सभासद आहेत, म्हणून शेवटी कामाचे सांगतो. प्राणी पकडायचा नाही, त्याला वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते आणि घोरपड तर अनुसूची एकमधली आहे. पण फोटो काढता येतो. पाठीचा एक, बाजूचा एक आणि काचेवर किंवा खिडकीवर पाल बसली असेल तर खालून एक, ज्यात मांडीची छिद्रे आणि बोटांखालच्या पट्ट्या दिसतात. सोबत गाव, वाडी, तालुका, तारीख, वेळ, आणि ती दगडाखाली होती की झाडावर की भिंतीवर. ‘कोकणात पाहिली’ असे कृपया लिहू नका. डोर्ले लिहा, पिंप्री लिहा.